मारबत : नागपूरची ही मिरवणूक आली कुठून?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत जे चालतं ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना पंचाईत होते. बांबू-कागदाची भली मोठी बाई, तिलाच मारबत म्हणतात, तिची पूजा होते, बाया ओटी भरतात, नवस बोलतात, आजारी लेकरांना तिच्या पायाशी आणतात, आणि मग त्याच बाईला ढोलताशात गल्लोगल्ली फिरवून गावाबाहेर नेऊन जाळून टाकतात. म्हणजे देवी म्हणावी की राक्षसीण? नागपूरकराला विचाराल तर तो म्हणेल दोन आहेत बाप्पा, एक पिवळी आणि एक काळी, पिवळी चांगली, काळी वाईट, पण जळतात दोघी. का, याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं.

आधी गावाकडचं बघू. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदियाच्या पट्ट्यात, पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवायची पद्धत आहे, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं ते मेढे उचलतात आणि ओरडत ओरडत गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात किंवा पेटवतात. आरोळी ठरलेली, "इडा पिडा, रोगराई, खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" काही गावांत मारबतच्या जागी नारबोद म्हणतात, बाकी सगळं तेच. श्रावण संपत आलेला, सगळीकडं चिखल, डास, पाणी गढूळ, घरोघरी ताप आणि जुलाब, अशा दिवसांत आजार गोळा करून शिवेबाहेर फेकायची ही रीत. देवाकडं मागणं वगैरे फारसं नाही, सरळ हाकलून लावायचं. कुणी हिला पूतना मावशी म्हणतात, बाळकृष्णाला विष पाजायला आलेली तीच, म्हणून लहान पोरांचे आजार तिच्या माथी मारायचे.

आता शहरात काय झालं ते. काळी मारबत सुरू झाली १८८१ साली आणि पिवळी १८८५ साली, पिवळी जागनाथ बुधवारी भागातली, तऱ्हाणे तेली समाजाची. (इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही नावं जुन्या आठवडी बाजारांची, त्यामुळं या भागात रस्ता म्हणजेच बाजार आणि बाजार म्हणजेच रस्ता, मिरवणुकीला अजून काय पाहिजे.) पुण्यात सार्वजनिक गणपती बसायला लागले ते १८९२-९३ च्या सुमारास, म्हणजे ही मिरवणूक त्याच्याही आधीची, आणि नागपूरकर ही गोष्ट संधी मिळेल तिथं पुणेकरांना ऐकवतात, ऐकवूच दे.

त्या काळचं नागपूर डोळ्यासमोर आणा. १८१७ ला सीताबर्डीची लढाई हरल्यावर भोसल्यांचं राज्य नावापुरतंच उरलं होतं, १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, पोटी वारस नाही, आणि इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीनं १८५४ मध्ये संस्थान खालसा केलं. नुसतं खालसा करून थांबले नाहीत, राजवाड्यातला जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल सगळं लिलावात काढलं. ज्या गावात पोळ्याला बैल सजवून त्यांची पूजा होते तिथं राजाचे बैल बोलीवर विकले गेले, हा अपमान लोक सहज विसरले असतील असं वाटत नाही. मग १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, आणि तिच्या भोंग्यावर गावाचा दिवस चालायला लागला. मारबत रस्त्यावर आली ती या उलथापालथीच्या मागोमाग.

काळ्या मारबतीची जी गोष्ट सगळे सांगतात ती बांकाबाईची. दुसऱ्या रघुजींची राणी, तिसरे रघुजी लहान असताना दरबारात तिचा शब्द चालायचा, १८५७ ला तिनं इंग्रजांच्या विरुद्ध जायला आपल्या माणसांना अडवलं, म्हणून ती गद्दार, म्हणून तिचा काळा पुतळा. आणि पिवळी म्हणजे इंग्रजांच्या जाचातून लोकांना सोडवणारी. ऐकायला एकदम फिट बसतं. पण मला हे जसंच्या तसं पटत नाही. बांकाबाई गेली १८५८ ला आणि काळी मारबत निघाली १८८१ ला, मधे तेवीस वर्षं गेली, आणि तोवर तिला रस्त्यावर जाळण्याइतका राग धगधगत राहिला असेलही, पण गावोगावी मारबत हाकलायची रीत आहेच की, तिथं कुठं बांकाबाई आली? शिवाय त्या म्हातारीची बाजूही बघा, राज्य गेलेलं, फौज नाही, दत्तक घेतलेल्या जानोजीला सरकारनं मान्यता द्यावी एवढीच तिची धडपड होती. शेवटी जानोजीला मिळालं काय तर देऊरचे राजेबहादूर हा किताब, आणि देऊर कुठं, साताऱ्याकडं. माझा अंदाज असा की रोगराई हाकलायची रीत जुनी, ती शहरात आली, मोठी झाली, आणि देशभक्तीची गोष्ट तिच्यावर हळूहळू चढत गेली. चढली ते बरंच झालं म्हणा, त्यामुळंच एक महत्त्वाची वाट मोकळी झाली. खोकला घेऊन जा म्हणता येतं तर इंग्रज घेऊन जा का नाही म्हणता येणार?

इथं बडग्या येतो. मारबत बाई, तर बडग्या पुरुष. मारबती ठरलेल्या, त्यांचं रूप फारसं बदलत नाही, पण बडगे दरवर्षी नवे. बांबूच्या कामट्या, तणस, रद्दी कागद, कुणाचा तरी जुना शर्ट, वर रंगवलेलं तोंड आणि गळ्यात पाटी. पाटीवर त्या वर्षी जे काही लोकांच्या डोक्यात बसलंय ते, महागाई, पेट्रोल, भ्रष्टाचार, दहशतवाद, रस्त्यावरचे खड्डे, एखादा गाजलेला घोटाळेबाज, आणि खाली तेच, घेऊन जा गे मारबत. कुणाला आर्ट स्कूल लागत नाही, वस्तीतली पोरं आठ-दहा दिवस आधी वर्गणी मागत फिरतात आणि रात्री बसून बनवतात. नाक एवढं लांब की चारजण धरून चालतात, पोट सुटलेलं, खिशातून नोटा लोंबतायत, आणि सगळ्यात मजा म्हणजे ज्याचा बडग्या त्याच्याच पक्षाचा कार्यकर्ता शेजारी उभा राहून हसत असतो. आजकाल पब्लिक आर्ट म्हणून उड्डाणपुलाच्या खांबांवर फुलं-पाखरं रंगवतात, छान दिसतात, पण बडग्यात जी चिडचिड असते ती त्यात कुठून येणार, परवानगी घेऊन काढलेलं चित्र ते.

त्याच दिवशी तान्हा पोळाही असतो, लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. हा दुसऱ्या रघुजींनी सुरू केला असं सांगतात. म्हणजे एका रस्त्यावर चाकांचे लाकडी बैल आणि पुढच्या वळणावर बडग्यांची धिंड, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी, इतवारीतली दुकानं बंद आणि गच्च्या माणसांनी भरलेल्या. काळी आणि पिवळी नेहरू पुतळ्यापाशी समोरासमोर येतात तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते, गर्दीचा त्रास होणाऱ्यानं त्या चौकात न गेलेलं बरं, अलीकडच्या एखाद्या ओट्यावरून पाहावं.

२०२० मध्ये कोरोनामुळं मिरवणूक निघाली नाही. रोगराई हाकलायचाच सण आणि तो रोगराईनंच बंद पाडला, यावर तेव्हा बरेच विनोद झाले. नंतर पुन्हा निघाली आणि तेव्हा कोरोनाचाही बडग्या झालाच. आता अडचण वेगळीच आहे, शहर एवढं पसरलंय की मारबत नेऊन जाळायची ती वेस जुन्या हिशेबानं शहराच्या पोटात आलीये, म्हणजे इतवारीतून काढलेली इडापिडा पुढच्या लेआउटवाल्याच्या, म्हणजे नव्या वसाहतीतल्या माणसाच्या दारात.