लाल टॅपेट कव्हर हवंय: पावडर कोटिंग की अ‍ॅनोडायझिंग?

इंजिन खाली उतरलं की गाडीमालक हमखास म्हणतो, 'आता उघडलंच आहे, तर रंगही करून घेऊ.' परवा असाच एक जण ऑनलाइन मागवलेली लाल ऑइल कॅप घेऊन आला. रंगाच्या आतून धातू चमकतोय अशी लखलखीत. म्हणाला, 'टॅपेट कव्हरला अगदी असंच पावडर कोटिंग करून द्या.' (टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण.) त्या कॅपवर पावडर कोटिंग नव्हतंच, अ‍ॅनोडायझिंग होतं. या गल्लतीपायी चांगले पार्ट वाया जाताना मी पाहिले आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

पावडर कोटिंग म्हणजे धातूवर घातलेलं पांघरूण. पॉलिस्टर किंवा इपॉक्सीची मैद्यासारखी बारीक पावडर गनमधून उडवतात. गनच्या टोकाशी साठ-ऐंशी हजार व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे प्रत्येक कणावर विजेचा भार चढतो. पार्ट हुकाला टांगून त्याला अर्थिंग दिलेलं असतं, म्हणून पावडर त्याच्याकडे ओढली जाते आणि चिकटून बसते. मग ओव्हन. धातू १८० ते २०० अंशांवर पोचला की तिथून दहा ते वीस मिनिटांत पावडर वितळते, आतून जुळते आणि सलग थर होतो. जाडी साधारण ६० ते १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

अ‍ॅनोडायझिंगमध्ये वरून काही लावतच नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा पार्ट सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत सोडून विजेच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडतात. त्या करंटने पार्टच्या स्वतःच्या कातडीचा ऑक्साइड होतो. ऑक्साइडच्या या थरात मधाच्या पोळ्यासारखी अतिसूक्ष्म छिद्रं असतात. लाल, निळा, काळा जो रंग हवा तो त्यांत जिरवतात आणि उकळत्या पाण्यात पार्ट ठेवून छिद्रांची तोंडं बंद करतात. शोभेच्या कामाला हा थर पाच ते पंचवीस मायक्रॉनचा. नखाने, ब्लेडने तो सोलून निघत नाही, कारण तो धातूपासून वेगळा नाहीच.

हातात घेतलेला पार्ट कुठला हे ओळखायचं असेल तर कडा बघा. पावडरीने कडा गोलसर होतात, ओतकामातली अक्षरं थोडी बुजतात. अ‍ॅनोडाइझ्ड पार्टवर लेथच्या टूलच्या रेघा रंगाखालून स्वच्छ दिसतात. त्या ऑइल कॅपवरही दिसत होत्या.

मग टॅपेट कव्हरला अ‍ॅनोडायझिंगच का करू नये? आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर कव्हर लोखंडी पत्र्याचं आहे आणि अ‍ॅनोडायझिंगचा विषय तिथेच संपला. ते लोखंडावर होत नाही. चुंबक चिकटला नाही तरी अडचण आहेच. बाजारातली कॅप अ‍ॅल्युमिनियमच्या सळईतून लेथवर काढलेली असते. गाडीचं कव्हर ओतीव असतं, आणि साच्यात धातू नीट वाहावा म्हणून त्यात सिलिकॉन भरपूर घातलेलं असतं, डायकास्टिंगच्या नेहमीच्या धातूत दहा टक्क्यांच्या आसपास. सिलिकॉनचा ऑक्साइडचा थर तसा वाढत नाही. पार्ट टाकीतून काळपट, डागाळलेला निघतो आणि त्यावर लाल रंग चढवला की चिखलासारखी छटा येते. म्हणून ओतीव कव्हरला पावडरच. त्या कॅपच्या जवळ जायचं असेल तर खाली चकचकीत चंदेरी थर आणि वर पारदर्शक लाल पावडर असं दुहेरी काम मागा. खर्च वाढतो, पण डोळ्यांना समाधान होतं.

ओतीव पार्टची आणखी एक खोड. वर्षानुवर्षं तेल प्यायलेला धातू ओव्हनमध्ये तापला की सूक्ष्म पोकळ्यांतलं तेल आणि हवा बाहेर येते आणि गुळगुळीत थरावर टाचणीच्या टोकाएवढे फोड उठतात. त्यावर उपाय म्हणजे पावडर मारण्याआधी पार्ट रिकामाच एकदा भट्टीतून काढणं, तोही नंतरच्या तापमानापेक्षा थोडा जास्त तापवून. घाईतले लोक ही पायरी गाळतात. तुम्ही आग्रह धरा.

माझा स्वतःचा एक पार्ट मात्र पावडर मारण्याआधीच गेला. अल्टरनेटरचा अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट मी लोखंडी ब्रॅकेटांच्या गठ्ठ्यात बांधून भोसरीतल्या एका शेडमध्ये दिला. तिथे पावडरीआधी लोखंड धुऊन तयार करायची सात टाक्यांची नेहमीची प्रोसेस होती, त्यात गंज काढायची अ‍ॅसिडची टाकीही आली. अख्खा गठ्ठा एकदम बुडवला गेला. ब्रॅकेट परत आला तो काळवंडलेला आणि वाळवी लागलेल्या लाकडासारखा खवखवीत. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियम वेगळ्या पिशवीत देतो, वर मार्करने ठळक लिहून. जुना रंग काढायच्या कॉस्टिकच्या टाकीतही अ‍ॅल्युमिनियम जाता कामा नये, ते तिथे विरघळतं.

उष्णतेचं गणित सोपं आहे. टॅपेट कव्हर, इनटेक मॅनिफोल्ड, ब्रॅकेट यांना साधी पावडर पुरते. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला नाही. तो कित्येक शे अंशांवर जातो, तिथे साधी पावडर जळून सोलते. त्याला सिरॅमिक कोटिंग किंवा उष्णतेसाठीचा खास सिलिकोन रेझिनचा रंग लागतो. अ‍ॅनोडायझिंगही तापून निर्धास्त राहत नाही. ऑक्साइड अ‍ॅल्युमिनियमइतका फुलत नाही, म्हणून थरावर केसासारख्या बारीक चिरा पडतात, आणि बरेचसे रंग उन्हाने आणि धगीने विटतात.

काम देण्याआधी पार्टवर कुठे रंग नको ते दाखवून द्या. गॅस्केट बसते ती जागा, बेअरिंग बसतं तो घेर, बोल्टचे आटे, पुलीची खाच. शंभर मायक्रॉन म्हणजे दशांश मिलिमीटर, आणि बेअरिंगच्या घेरात तेवढ्याने बेअरिंग बसणारच नाही. बोल्टच्या डोक्याखाली पावडर राहिली तर ती हळूहळू दबते आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. मायक्रॉन कमी असले तरी अ‍ॅनोडायझिंगही माप बदलतंच. अर्थिंगची वायर लागते ती जागा तर दोन्हींत झाकायलाच हवी, कारण दोन्ही थरांतून वीज जात नाही. ही एक जागा विसरली की गाडी सेल्फ घेत नाही आणि माणूस बॅटरी बदलत बसतो.

सगळ्यात जास्त जीव मात्र मी टॅपेट कव्हरच्या आतल्या पत्र्यात घालतो. तेलाची वाफ अडवायला कव्हरच्या आत एक पत्रा रिवेट केलेला असतो. जुना रंग खरवडायला जोरात मारलेली ब्लास्टिंगची वाळू किंवा काचेचे मणी त्याच्या मागे जाऊन बसतात आणि धुऊनही निघत नाहीत. इंजिन सुरू झालं की तेलाबरोबर ते सरळ कॅमशाफ्टवर आणि तिथून बेअरिंगांत. पत्रा निघत असेल तर काढूनच ब्लास्टिंगला द्या. निघत नसेल तर आतली बाजू पूर्ण बंद करून द्या, किंवा ब्लास्टिंग न करता केमिकलने रंग उतरवा. परत आलेलं कव्हर मी पांढऱ्या कागदावर उपडं धरून हत्याराच्या लाकडी मुठीने ठोकतो, हवा मारतो, पुन्हा ठोकतो. कागदावर एक जरी कण पडला तरी कव्हर त्या दिवशी इंजिनावर चढत नाही.