शहर वाढलं, मतदारसंघ आटले

४०, ३०, २७, २४, २२. मेक्सिकोच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात राजधानी मेक्सिको सिटीतून थेट निवडून जाणाऱ्या प्रतिनिधींची ही संख्या आहे, १९७९पासून आजपर्यंतची. नुसते आकडे पाहिले तर वाटेल, शहर ओस पडत चाललंय. प्रत्यक्षात १९७०च्या जनगणनेत तिथे ६८ लाख ७४ हजार माणसं होती आणि २०२०मध्ये ९२ लाख १० हजार. माणसं वाढली आणि जागा मात्र जवळजवळ निम्म्यावर आल्या.

कोडं सुटतं ते साध्या भागाकाराने. मेक्सिकोत मतदारसंघांची संख्या संविधानानेच ३०० ठरवून टाकलीय. देश कितीही वाढो, वाटे ३००च. १९७०मध्ये देशाची लोकसंख्या ४ कोटी ८२ लाख होती आणि त्यात राजधानीचा वाटा १४ टक्क्यांहून थोडा जास्त. २०२०मध्ये देश १२ कोटी ६० लाखांवर गेला, राजधानीचा वाटा ७.३ टक्क्यांवर आला. ३००चे ७.३ टक्के म्हणजे २१.९, मिळाल्या २२ जागा. मधले आकडेही असेच जुळतात. १९९०च्या जनगणनेवरून ३०.४ येतात, मिळाल्या ३०. २०००वरून २६.५, मिळाल्या २७. २०१०वरून २३.६, मिळाल्या २४. राजकारणातला इतका सरळ हिशेब मी तरी क्वचितच पाहिलाय.

हा ३००चा आकडा फार जुना नाही. त्याआधी मतदारसंघ १९६ होते, आणि दशकानुदशकं सत्तेवर असलेला पीआरआय हा पक्ष त्यातले बहुतेक सगळे खिशात घालायचा. १९७६च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतपत्रिकेवर नोंदणीकृत उमेदवार एकच होता, होसे लोपेस पोर्तियो. तो जिंकला हे वेगळं सांगायला नको. पण अशा विजयाची सत्ताधाऱ्यांनाही लाज वाटली असावी. पुढच्याच वर्षी गृहमंत्री हेसुस रेयेस एरोलेस यांच्या पुढाकाराने राजकीय सुधारणा झाली. ३०० मतदारसंघ आणि त्यांच्या जोडीला पक्षांना मतांच्या प्रमाणात द्यायच्या १०० जागा, अशी मांडणी ठरली. पुढे त्या १००च्या २०० झाल्या, म्हणून आज सभागृह ५०० जणांचं आहे.

१९७९च्या निवडणुकीसाठी जो नकाशा आखला, तो मग १९९४पर्यंत तसाच राहिला. मध्ये १९८० आणि १९९०च्या जनगणना होऊन गेल्या, सीमारेषा जागच्या जागी. आणि याच काळात राजधानीच्या पायाखालची जमीन अक्षरशः हलली.

बेनितो हुआरेस हा शहराच्या मध्यभागातला एक प्रभाग घेऊ. रुंद रस्ते, झाडं, मध्यमवर्गीयांच्या सदनिका. १९८०मध्ये इथे ५,४४,८८२ लोक राहत. १९ सप्टेंबर १९८५च्या सकाळी मोठा भूकंप झाला. मेक्सिको सिटीचा बराच भाग जुन्या तळ्याच्या गाळावर बसलाय. भूकंपाच्या लाटा अशा मऊ मातीत शिरल्या की थाळीतल्या दह्यासारखी जमीन थरथरत राहते. त्या धक्क्याने मध्यभागातली कित्येक घरं पडली, आणि ज्यांची पडली नाहीत त्यातलेही अनेकजण हलले. घरांच्या जागी कचेऱ्या यायला आधीच सुरुवात झाली होती. १९९०मध्ये बेनितो हुआरेसची वस्ती ४,०७,८११ आणि २०००मध्ये ३,६०,४७८. वीस वर्षांत तिघांमागे एक माणूस गेला.

गेले कुठे? शहराच्या हद्दीबाहेर, पण लांब नाही. एकातेपेक, नेसावालकोयोत्ल, चिमालवाकान ही उपनगरं राजधानीला चिकटूनच पसरलीत, फक्त ती शेजारच्या मेक्सिको राज्यात मोडतात. त्या राज्याच्या जागा ३४वरून ३६, मग ४०, मग ४१ झाल्या. आपल्याकडे २००८च्या फेररचनेत मुंबई शहर जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १७वरून १० झाल्या आणि उपनगरांच्या १७वरून २६, ती गोष्ट ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं समजावायला नको.

बेनितो हुआरेसची गोष्ट मात्र उतरणीवर संपली नाही. २००० साली शहराचा महापौर झालेल्या आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांनी नवी बांधकामं मध्यवर्ती चार प्रभागांकडे वळवणारं धोरण आणलं आणि कडेच्या प्रभागांत मोठ्या गृहप्रकल्पांना आवर घातला. जुनी बैठी घरं पाडून बहुमजली इमारती उठल्या, भाडी आणि भाव चढले, आणि वस्ती पुन्हा वाढली: २०१०मध्ये ३,८५,४३९, २०२०मध्ये ४,३४,१५३.

आता देशाची लोकसंख्या भागिले ३०० करा. २०२०च्या जनगणनेप्रमाणे एका मतदारसंघाच्या वाट्याला सरासरी ४,२०,०४७ माणसं येतात. बेनितो हुआरेस त्याहून जेमतेम साडेतीन टक्के वर आहे, म्हणजे मतदारसंघाच्या मापाने शिवल्यासारखाच. राजधानीच्या १५ क्रमांकाच्या मतदारसंघाचं ठाणं इथेच आहे. सगळ्यांचं नशीब असं नसतं. शेतीवाडीच्या मिल्पा आल्ता प्रभागात १,५२,६८५ माणसं, म्हणजे मतदारसंघाच्या एक तृतीयांशाहून जरा जास्त. त्याला शेजाऱ्याशी जोडणं भागच. इस्तापालापात १८,३५,४८६, म्हणजे ४.३७ मतदारसंघ. त्या ०.३७चं करायचं काय?

हा प्रश्न सोडवायला मेक्सिकोने गणितज्ञांना बोलावलं.

मतदारसंघाची सगळ्यात लहान वीट म्हणजे ‘सेक्सिओन’. आपल्या मतदारयादीत ‘यादी भाग’ असतो, साधारण त्याच्यासारखा. एकट्या राजधानीत असे सुमारे साडेपाच हजार तुकडे आहेत. त्यांचे २२ गट करायचे. प्रत्येक गट सलग हवा, लोकसंख्या सरासरीच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे चालेल, आकार शक्यतो आटोपशीर, प्रभागांचे तुकडे कमीत कमी. ऐकायला सोपं वाटतं. पण ५ बाय ५ची, २५ घरांची चौकट घेऊन तिचे सारखे पाच सलग भाग पाडून बघा: ४,००६ प्रकार निघतात. ६ बाय ६चे सहा भाग करायला ४,५१,२०६. ७ बाय ७चे सात करायला १५,८७,५३,८१४. साडेपाच हजार तुकड्यांपर्यंत पोचेस्तोवर संगणकसुद्धा हात टेकतो. सगळे नकाशे तपासून उत्तम निवडणं अशक्य आहे. शहाणपणाने शोधत जाणं एवढंच हाती उरतं.

२००५च्या फेररचनेत त्यासाठी जी रीत वापरली, तिला स्पॅनिशमध्ये ‘रेकोसिदो सिमुलादो’ म्हणतात. कल्पना धातुकामातली. लोहार कोयत्याला पाणी पाजतो तेव्हा लाल पातं झटकन थंड होतं, आतले अणू जिथे सापडले तिथे अडकतात आणि पातं कडक पण ठिसूळ होतं. तोच धातू तापवून सावकाश निवू दिला, तर अणूंना हलायला, चुकलेली जागा सोडून बरी जागा धरायला वेळ मिळतो. अमेरिकेतल्या आयबीएमच्या स्कॉट किर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये दाखवलं की हीच युक्ती गणिताच्या कोड्यांनाही लागू पडते.

नकाशाच्या बाबतीत हे असं चालतं. प्रत्येक आराखड्याला दंड लावायचा: लोकसंख्या सरासरीपासून सुटली की दंड, सीमा वेडीवाकडी झाली की दंड. आकार मोजताना तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरसाशी परिघाची तुलना करतात. चौरस असेल तर दंड शून्य. मग सीमेवरचा एखादा तुकडा उचलून शेजारच्या मतदारसंघात टाकायचा. दंड कमी झाला तर बदल पक्का. वाढला तर? इथेच गंमत आहे. समजा दंड ५ने वाढला. ‘तापमान’ ५० असताना असा वाईट बदलही दहापैकी नऊ वेळा मान्य होतो. तापमान १वर आलं की तोच बदल दीडशेत एखाद्या वेळी. म्हणजे सुरुवातीला चुकायची भरपूर मुभा, पुढे पुढे कमी. ही मुभा नसेल तर शोध पहिल्याच बऱ्या नकाशाशी अडून बसतो, कारण तिथून कुठेही जायचं तर आधी थोडं बिघडवावं लागतं. २०१७च्या फेररचनेत या रीतीच्या जोडीला मधमाश्यांच्या मधशोधावर बेतलेली एक रीतही चालवली गेली.

या दंडात मतांचा हिशेब कुठेच नसतो. कुठल्या गल्लीत कोणाचं प्राबल्य आहे, हे संगणकाला सांगतच नाहीत. अमेरिकेत अनेक राज्यांत अजूनही सत्ताधारी पक्षच सीमा आखतो, त्या मानाने ही मोठी मजल. पण यंत्र निष्पक्ष म्हणून नकाशाही आपोआप निष्पक्ष, असं मला म्हणवत नाही. लोकसंख्येला किती वजन द्यायचं आणि आकाराला किती, हे माणसंच ठरवतात. शिवाय पहिला आराखडा जाहीर झाल्यावर पक्षांना आपापले बदल सुचवता येतात. ते बदल त्याच दंडाच्या तराजूत तोलले जातात हे खरं, पण कुठल्या तुकड्यात आपली मतं आहेत हे पक्षांना तोंडपाठ असतं. दंडही कमी होईल आणि आपलंही साधेल असा नकाशा त्यांच्या माणसांना सापडतोच. या टप्प्यावरची घासाघीस बाहेरच्यांना पुरेशी दिसत नाही, अशी अभ्यासकांची तक्रार आहे.

आणि काही गोष्टी तर संगणक सुरू व्हायच्या आधीच ठरतात. ज्या परिसरात मूलनिवासींची वस्ती ४० टक्के किंवा जास्त आहे, तिथल्या नगरपालिका आधी एकत्र बांधल्या जातात, मग उरलेल्यांचा शोध सुरू होतो. च्यापास, ओआहाका, युकातानसारख्या राज्यांत त्याने मोठा फरक पडतो. असे मतदारसंघ २००५मध्ये २८ होते, २०१७मध्येही २८. डिसेंबर २०२२मध्ये मंजूर झालेल्या नकाशात ४४ झाले. पण मतदारसंघ मूलनिवासींचा झाला म्हणून प्रतिनिधी त्यांचा होतोच असं नाही. म्हणून २०१८च्या निवडणुकीत निवडणूक संस्थेने असे १२ मतदारसंघ निवडून तिथे पक्षांना मूलनिवासी उमेदवारच देण्याची सक्ती केली. प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणात गेलं, तेव्हा १२चे १३ झाले.

हाच डिसेंबर २०२२चा नकाशा जून २०२४च्या निवडणुकीत पहिल्यांदा वापरला गेला. राजधानीच्या दोन जागा त्यात गेल्या आणि औद्योगिक न्यूएवो लेओन राज्याला दोन मिळाल्या. इतकी वर्षं वाढत आलेल्या मेक्सिको राज्याचीही यावेळी एक कमी झाली, ४१ची ४०. उपनगरांची चढणही कुठेतरी सपाट होतेच म्हणायची.

मेक्सिकन माणसाच्या खिशात मतदार ओळखपत्र असतं. बँकेपासून सगळीकडे ओळख म्हणून तेच दाखवतात. त्यावर सेक्सिओनचा चार अंकी क्रमांक छापलेला असतो. मतदारसंघाचा नसतो.