वीज म्हणजे आग का?

कोकणातल्या बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू मंडळींना गाववाले ‘शनवार तेली’ म्हणायचे. घाणा आठवडाभर फिरायचा, शनिवारी मात्र बंद. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, काम नाही, विस्तवही पेटवायचा नाही, असं तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. तेलाचे दिवे होते तोवर अडचण नव्हती. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत वात लावली की झालं. विजेचं बटण आलं आणि घोळ सुरू झाला.

न्यूयॉर्कमध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) होण्यासाठी शिकणाऱ्या काही तरुणांनी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना थेट विचारलं होतं: वीज म्हणजे आग का? त्यांना विज्ञान हवं होतं ते फक्त शास्त्रार्थ लावायला, म्हणून फाइनमन हिरमुसले. मला मात्र तो प्रश्न फार आवडतो. ‘आमच्या ग्रंथात सगळं आधीच होतं’ म्हणणारे, तोराच्या अक्षरांत भविष्य शोधणारे ज्यूंमध्येही आहेत. ही मुलं निदान यंत्र कसं चालतं ते विचारत होती.

जुन्या पिवळ्या बल्बमध्ये काही जळत नाही. आत आर्गॉनसारखा वायू, ऑक्सिजन नाहीच. पण पाणी देऊन कठीण करण्यासाठी लोखंड तापवणं हे आग पेटवण्यातच मोडतं, असं ज्यू धर्मपंडित मायमोनिडीझने 12व्या शतकात लिहून ठेवलंय. बल्बमधली टंगस्टनची तार तर सुमारे 2,500 अंशांवर लखलखते. म्हणून अनेक रब्बींनी बल्बला आगच मानलं.

एलईडीने इथे गंमत केली. लाल प्रकाशाच्या एका फोटॉनला, म्हणजे प्रकाशकणाला, साधारण 1.8 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एक छोटं एकक) ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला अणूंच्या थरथरीत असते जेमतेम 0.025, म्हणजे सत्तर पटींनी कमी. ही तूट उष्णतेने भरायची तर हजारो अंश तापवावं लागतं, आणि तरी बहुतेक ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत जाते. एलईडीत विद्युतदाबामुळे इलेक्ट्रॉन सेमीकंडक्टरच्या (अर्धवाहकाच्या) सांध्याशी येतो आणि समोरच्या रिकाम्या जागेत, ‘होल’मध्ये, पडतो. वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक एका फोटॉनच्या रूपात बाहेर पडतो. पायरी जितकी उंच तितका रंग निळ्याकडे. तापून लाल होणं नाहीच!

म्हणजे आगीचा मुद्दा गेला. बंदी राहिली. खझोन ईश म्हणून ओळखले जाणारे रब्बी कारेलिट्झ म्हणाले होते, सर्किट पुरं करणं म्हणजे ‘बांधकाम’, आणि तेही शब्बाथला वर्ज्य. रब्बी आउअरबाख यांना ते पटलं नाही: बटण दाबणं म्हणजे दार उघडणं-मिटणं, ते काय बांधकाम? (मला आउअरबाख पटतात.) तरी रूढी मोडा, असं तेही म्हणाले नाहीत. त्यामुळे आजही कित्येक घरांत शुक्रवारी दुपारी फ्रिजच्या दिव्याचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात, म्हणजे शनिवारी दार उघडलं तरी आत अंधारच.