महिला बचत गट: नोंद, बँक खाते, फिरता निधी आणि पहिले कर्ज

गट काढायचा म्हटलं की बायका आधी विचारतात, ‘कागद कोणते लागतील?’ मी आधी सभा आणि हिशेब लिहायची वही घ्यायला सांगते. कर्जासाठी गटाची पात्रता ठरते ती त्या वहीवरून, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात हे काम ‘उमेद’ म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून चालतं. सरकारी कागदावर गटाला स्वयंसहाय्यता समूह म्हणतात. साधारण 10 ते 20 महिला लागतात. डोंगरी, दुर्गम भागात किंवा दिव्यांग महिलांचा गट असेल तर 5 जणीही चालतात. सगळ्या एकाच गावच्या, शक्यतो एकाच वस्तीतल्या असाव्यात, वय 18 पूर्ण असावं आणि कुणी दुसऱ्या गटात नसावं. इतक्या लहान गटाला संस्था म्हणून कायदेशीर नोंदणी करावी लागत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अभियानातली नोंद गावातल्या समुदाय संसाधन व्यक्तीमार्फत, म्हणजे आपल्या सीआरपी ताईंमार्फत होते. गावात सीआरपी नसेल तर तालुका अभियान व्यवस्थापन कक्षात जा.

आता वही. पहिल्या सभेत गटाचं नाव, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, बचतीची रक्कम आणि सभेचा वार ठरतो. ते सगळं त्याच दिवशी तारखेसह इतिवृत्तात लिहून हजर असलेल्या प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्या. कर्जासाठी गट किमान 6 महिने सुरू असावा लागतो आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार हे महिने मोजायचे ते गटाच्या वहीवरून, बँक खातं उघडल्याच्या तारखेवरून नव्हे. खातं उघडायला दोन महिने लागले तरी ते दोन महिने वाया जात नाहीत, वहीत मात्र ते दिसले पाहिजेत. आमच्या भागातला एक गट मन लावून बचत करत होता, पण पहिल्या तीन महिन्यांचे हिशेब सुट्ट्या कागदांवर राहिले आणि ते कागद हरवले. त्या बायकांना तेवढे महिने पुन्हा थांबावं लागलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

बँकेत नेण्याचे कागद थोडेच आहेत: खातं उघडण्याचा ठराव (व्यवहार कोणाच्या सहीने होणार हे त्यात स्पष्ट हवं), सदस्यांची यादी, पदाधिकाऱ्यांचे आधार, फोटो, पॅन किंवा पॅन नसेल तर तसं लिहून देण्याचा बँकेतला फॉर्म, आणि गटाचा शिक्का. बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याच्या कागदांची तपासणी, लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. बाकीच्यांची कर्जाच्या वेळी होऊ शकते. काही शाखांत पहिल्याच दिवशी पंधरा जणींना कागद घेऊन बोलावतात. एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून हा नियम माहीत असू द्या आणि शांतपणे सांगा.

तीन महिन्यांनी गटाचं मूल्यमापन होतं. नियमित सभा, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री त्यात तपासतात. बचत नुसती साठवून ठेवणारा गट इथे मागे पडतो, कारण आपसात कर्ज फिरलेलं दिसावं लागतं. त्यात पास झालेल्या आणि हा निधी आधी न घेतलेल्या गटाला फिरता निधी, म्हणजे आपसात कर्ज म्हणून फिरवायची रक्कम, अभियानाकडून मिळतो. 2023 मध्ये राज्याने तो 15,000 वरून 30,000 रुपये केला.

सहा महिन्यांनंतर बँकेचं कर्ज. पहिलं कर्ज गटनिधीच्या सहापट किंवा किमान 1.5 लाख, यातली मोठी रक्कम. गटनिधी म्हणजे फक्त बचत नाही. फिरता निधी आणि आपसातल्या कर्जाचं व्याजही त्यात येतं. दहा जणींनी आठवड्याला 25 रुपये टाकले तर 26 आठवड्यांत 6,500 होतात. त्यात 30,000 मिळवा, 36,500. सहापट म्हणजे 2,19,000, आणि यात व्याज धरलेलंच नाही. अर्जासोबत सदस्यांचा परस्पर करारनामा आणि कोणाला कशासाठी किती हवेत याचा सूक्ष्म पतआराखडा द्यायचा. तो सभेत बसून करा. एकीनेच घरी बसून भरला तर बाकीच्यांच्या गरजा त्यात येत नाहीत.

10 लाखांपर्यंत तारण नाही, बचत खात्यावर बोजा नाही, ठेव ठेवायची सक्ती नाही. एखाद्या सदस्याच्या घरचं पीककर्ज थकलं म्हणून सहसा अख्ख्या गटाला कर्ज नाकारता येत नाही, मात्र गट स्वतः थकबाकीत नसावा. आणि त्या बँकेची थकबाकीदार असलेल्या सदस्याला या कर्जातून पैसे द्यायचे नाहीत, हे गटातच स्पष्ट बोलून घ्या.

गावातले गट मिळून ग्रामसंघ होतो. आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, शासकीय योजना आणि शाश्वत उपजीविका हे पंचसूत्रीत मिळवून दशसूत्री होते ते पुढचे पाच विषय तिथे खरे हाताळले जातात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. पाणी, अंगणवाडी, रस्त्यावरचे दिवे हे विषय तिथे मांडा आणि ठराव लिहूनच बाहेर पडा.

बँकेने नाही म्हटलं तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. अर्जाची पोच आणि नकाराचं कारण लेखी मागा. मग बँक सखी (बँकेच्या कामात गटांना मदत करणारी ताई), तालुका कक्ष, आणि तिथेही अडलं तर जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारे अग्रणी बँक व्यवस्थापक, या क्रमाने जा. दर वेळी वही सोबत असू द्या.