चुनाळे (धातूचे)

पानाला किंवा तंबाखूला लागणारा भिजवलेला चुना बाळगण्याची झाकणाची लहान डबी. सोलापुरात तिची दोन रूपे दिसतात. जुन्या घरांतल्या पानाच्या डब्यात कोयरीच्या आकाराचे पितळी चुनाळे असते, त्याला चुना काढायची काडी साखळीने अडकवलेली असते. खिशात असते ती दोन्ही बाजूंनी उघडणारी चपटी डबी: एका अंगाला तंबाखू, दुसऱ्या अंगाला चुना. यंत्रमागापाशी सुताची धूळ उडत असताना विडी पेटवणे धोक्याचे, त्यामुळे तिथे मळलेली तंबाखूच चालते आणि डबी दिवसभर उघडझाप होत राहते.

डबी कशाची घ्यावी हे चुना ठरवतो. त्याच्या निवळीचा सामू सुमारे १२.४ असतो, आणि इतक्या तीव्र अल्कलीत अ‍ॅल्युमिनियम विरघळून हायड्रोजन वायू सुटतो. अॅल्युमिनियमच्या नव्या डबीत भरलेला चुना करडा पडून बुडबुड्यांनी फुगतो, कधी झाकणही उचलतो, ते याच कारणाने. पुढे तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. डबी हलकी आणि स्वस्त म्हणून खपते, एवढाच तिचा गुण. स्टेनलेस स्टीलला चुना काही करत नाही. रोजच्या वापराला तेच बरे.

पितळ आणि तांबेही चुन्याला दाद देत नाहीत. त्यांचे वैर अमोनियाशी. तंबाखूत अमोनियाचे क्षार असतात. चुरा चुन्यात पडला की अमोनिया मोकळा होतो, पितळेवर निळसर-हिरवे डाग उठतात आणि ठोकून वाकवलेल्या पत्र्याला, विशेषतः बिजागरीपाशी, बारीक चिरा जाऊ शकतात. म्हणून तंबाखूचे बोट चुन्यात घालू नये, काडी वापरावी. चांदीचे चुनाळे काळे पडते ते चुन्याने नव्हे, हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी.

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई हवी, हा स्वयंपाकघरातला नियम इथे उलटा पडतो. कथील तीव्र अल्कलीत टिकत नाही, कल्हई हळूहळू चुन्यात उतरते. झाळलेला जोड तर टाळावाच: झाळण्याच्या मिश्रधातूत बहुधा शिसे असते आणि चुना शिशालाही खातो. गळके पितळी चुनाळे पितळी डाग देऊनच, म्हणजे पितळ वितळवून सांधूनच, दुरुस्त करावे. पितळी चुनाळे विकत घेताना लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर मुलाम्याखाली लोखंड आहे.

चुना डबीत कधीच विरवू नये. कळीचा चुना पाण्यात पडताच पाणी उकळण्याइतकी उष्णता निघते. मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ३०० मिलि पाणी घेऊन १०० ग्रॅम कळ्या थोड्या थोड्या सोडाव्यात, चेहरा लांब ठेवावा. एक दिवसाने फडक्यातून गाळून चिनी मातीच्या बरणीत भरावे आणि वर बोटभर पाणी ठेवावे. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की चुन्याचा दगड होतो. सोलापुरी उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो आणि हवा कोरडी, तेव्हा डबीतला चुना लवकर सुकतो. एका वेळी दोन-तीन दिवसांपुरताच भरावा.

कडेला जमलेले पांढरे कवच सुरीने खरवडले तर पत्र्याला ओरखडे पडतात आणि झाकण नीट बसत नाही. त्यापेक्षा चुना काढून डबी धुवावी, मग लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवावी. फसफस थांबली की काम झाले. पितळ आम्लात रात्रभर ठेवल्यास जस्त निघून पृष्ठभाग तांबूस पडतो, तेव्हा दहा-पंधरा मिनिटे पुरेत. बिजागरीला शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल लावण्याची सवय चुकीची आहे: तेल आणि चुना मिळून न विरघळणारा चिकट साबण होतो आणि बिजागरी जाम होते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक ठिपका फक्त बाहेरून लावून पुसून घ्यावा.

चुन्यामुळे निकोटीन तोंडात लवकर शोषले जाते. डबी कितीही स्वच्छ असली तरी तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा धोका तेवढाच राहतो. अडकलेले झाकण डोळ्यासमोर धरून उघडू नये, डबी मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुना डोळ्यात गेलाच तर न चोळता ताबडतोब निदान अर्धा तास वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच नेत्ररुग्णालय गाठावे.