आईबाप आधी दाराबाहेर, मग ताटाशेजारी

लहान वयात सुरू झालेल्या अ‍ॅनोरेक्सियावर, म्हणजे बारीक होण्याच्या ध्यासाने खाणं टाकण्याच्या आजारावर, आज जो उपचार आधी सुचवला जातो, तो आईवडिलांच्या हातून होतो. शंभरेक वर्षं डॉक्टरांचं मत याच्या नेमकं उलट होतं.

१६८९ साली लंडनच्या रिचर्ड मॉर्टन यांनी क्षयावरच्या ग्रंथात दोन वेगळे रुग्ण नोंदवले. अठरा वर्षांची मुलगी आणि सोळा वर्षांचा मुलगा, दोघंही वाळत चाललेले, पण क्षयाची खूण नाही. मुलगी दगावली, मुलगा सावरला. पुढे हा ‘मुलींचा आजार’ ठरला. पहिल्या नोंदीतला मुलगा सगळे सोयीस्कर विसरले.

आजाराला नाव मिळालं १८७३-७४ मध्ये. पॅरिसला लासेग आणि लंडनला विल्यम गल हे दोन डॉक्टर एकाच सुमारास त्याबद्दल लिहीत होते. गल यांच्या सतरा वर्षांच्या एका रुग्ण मुलीची नाडी मिनिटाला अवघी ५६ होती, तरी तिचा पाय घरात ठरत नव्हता. त्यांचा उपाय साधा होता: ठरल्या वेळी खाऊ घालायचं, भूक आहे का हे विचारायचं नाही. पण शुश्रूषेला नातेवाईक नकोत, असंही त्यांनी बजावलं. पॅरिसमध्ये मज्जातज्ज्ञ शार्को तर मुलीला आईबापांपासून तोडल्याशिवाय उपचारच मानत नसत. १९१४ मध्ये हॅम्बुर्गच्या सिमंड्स यांनी मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीच्या बिघाडाने येणारी कृशता वर्णन केली आणि बरीच वर्षं डॉक्टर ग्रंथीच्याच मागे लागले.

१९७० च्या दशकात फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी अख्ख्या कुटुंबाला जेवायलाच समोर बसवलं. घरच्यांवरचा ठपका मात्र कायम राहिला. तो पुसला लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या गटाने. चूक कुणाची हे उकरायचं नाही, ताट आईवडिलांच्या ताब्यात द्यायचं. १९८७ च्या त्यांच्या चाचणीत ८० रुग्ण होते. कमी वयात आजार सुरू झालेल्या आणि तीन वर्षांच्या आत उपचाराला आलेल्यांना कुटुंबोपचाराचा फायदा दिसला. २०१० मध्ये शिकागो आणि स्टॅनफर्डच्या १२१ मुलामुलींच्या चाचणीत, उपचार संपल्यावर वर्षभराने या पद्धतीने जवळपास निम्मी पूर्ण सावरली होती, एकेकट्याने समुपदेशन घेतलेल्यांत पाव हिस्साही नाही.

या उपचारात दुसऱ्याच भेटीला घरचे डबा घेऊन येतात. मूल दोन घास खाऊन हात आखडतं. आई डावीकडे, बाबा उजवीकडे; थेरपिस्ट त्यांना म्हणतो, अजून एक घास खायला लावा. काऊ-चिऊच्या घासाचं लाडीगोडीचं वय उलटलेलं असतं, धाक चालत नाही. दोघांनी एकच वाक्य शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणायचं असतं, तास उलटला तरी.

तेरा वर्षांखालच्या मुलांत अ‍ॅनोरेक्सियासह खाण्याचे सगळे विकार मिळून किती आढळतात? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत वर्षाला लाखामागे सुमारे तीन नवे रुग्ण निघाले, त्यांत १८ टक्के मुलगे. वय वाढलं की आकडा चढतो: इंग्लंडमध्ये ११ ते १६ वयोगटात असा विकार असलेले २०१७ साली ०.५ टक्के, २०२३ साली २.६ टक्के.

लहानांत निदान चुकण्याचं एक कारण निकषांतच होतं. पाळी थांबणं ही अट नऊ वर्षांच्या मुलीला काय लावणार? मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने ती २०१३ मध्ये काढली. त्याच वेळी ‘आरफिड’ हे निदान आलं: बारीक होण्याची इच्छा नसते, पण घास अडकेल, उलटी होईल या भीतीने किंवा पदार्थाच्या वासा-स्पर्शाने मूल खाणंच टाळतं.