नॉरफोकमध्ये एवढी चर्च आली कुठून?

इंग्लंडच्या पूर्वेला समुद्रात पुढे आलेल्या भूभागाचा उत्तरेकडचा हिस्सा म्हणजे नॉरफोक परगणा. मध्ययुगात बांधलेली साडेसहाशेहून अधिक चर्च इथे आजही उभी आहेत. उत्तर युरोपात इतकी दाटी दुसरीकडे नाही. शेतांमधून जाताना एक मनोरा मागे पडायच्या आत पुढचा दिसू लागतो, आणि पुष्कळदा त्याच्या आसपास धड चार घरंही नसतात.

या दाटीची मुळं फार जुनी आहेत. विल्यम राजाने 1086 मध्ये जमीनजुमल्याची नोंद करवून घेतली, ती डूम्सडे बुक म्हणून प्रसिद्ध आहे. त्या नोंदीत नॉरफोक देशातल्या सर्वांत दाट वस्तीच्या भागांत मोडतो. गावावर एकाच जमीनदाराची सत्ता, असं चित्र इथे क्वचितच होतं. एका शिवारात दोन-तीन जहागिऱ्या असत, शिवाय स्वतंत्र शेतकऱ्यांची संख्याही मोठी होती. त्यामुळे ज्याने-त्याने आपापलं चर्च बांधलं. रीपम गावात तर तीन धर्मग्रामांची (एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांची, म्हणजे पॅरिशची) तीन चर्च एकाच आवारात होती. त्यांतलं एक 1543 मध्ये जळालं. उरलेली दोन अजून शेजारी-शेजारी उभी आहेत.

मग भोवतालची घरं कुठे गेली? प्लेगने गाव ओस पडलं आणि चर्च तेवढं राहिलं, ही गोष्ट स्थानिक लोक हमखास सांगतात. 1349 च्या साथीने इथे हाहाकार माजवला हे खरंच आहे. पण नांगरलेल्या शेतांतून गोळा केलेले मडक्यांचे तुकडे वेगळं सांगतात. पुष्कळ ठिकाणी लोक साथीच्या आधीच, बाराव्या-तेराव्या शतकांत, गायरानाच्या कडेला राहायला गेले होते. घरं हलली आणि चर्च जागेवर राहिलं.

बांधायला चांगला दगड मात्र या परगण्यात जवळजवळ नाही. नांगराच्या फाळाला लागते ती गारगोटी. बिशप हर्बर्ट द लोसिंगा यांनी 1096 मध्ये नॉरिचचं कॅथीड्रल सुरू केलं तेव्हा फ्रान्समधून समुद्रमार्गे दगड आणवला. गावांना ते कुठून परवडणार? त्यांनी गारगोट्या चुन्यात बसवून भिंती उभारल्या. चुना वाळायला वेळ घेतो, म्हणून थोडी उंची चढवायची आणि थांबायचं, अशा रीतीने काम चाले. इथल्या शंभराहून अधिक चर्चना गोल मनोरे आहेत. कोपरा साधायला घडीव दगड लागतो आणि तो नव्हता, म्हणून मनोरे गोल बांधले, असं त्याचं कारण दिलं जातं. ते मला निम्मंच पटतं. गारगोटीचे चौकोनी मनोरेही त्या काळचे आहेत, आणि उत्तर समुद्रापलीकडे जर्मनीतही गोल मनोरे आढळतात. पलीकडच्या किनाऱ्याशी असलेल्या येण्याजाण्याचाही त्यात वाटा असावा.

चर्चना भव्य रूप आलं ते चौदाव्या-पंधराव्या शतकांत, लोकरीच्या पैशातून. वर्स्टेड हे सुटाचं कापड ज्या गावाच्या नावाने ओळखलं जातं, तिथल्या प्रशस्त चर्चचं बांधकाम 1379 मध्ये सुरू झालं. पण नुसत्या श्रीमंतीने एवढी बांधकामं होत नाहीत. मृत्यूनंतर आत्म्याला शुद्धिस्थानात यातना भोगाव्या लागतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्या कमी होतात, अशी लोकांची श्रद्धा होती. म्हणून मृत्युपत्रात कुणी मनोऱ्यासाठी, कुणी छतासाठी, कुणी नुसत्या एका मेणबत्तीसाठी रक्कम ठेवून जाई. सॉल या खेड्याचं अवाढव्य चर्च अशाच देणग्यांतून उभं राहिलं. त्याच्या पश्चिम दारावर अंगभर पिसं असलेले दोन देवदूत धूपपात्रं झुलवताना कोरले आहेत. आत जमिनीवरच्या पितळी पत्र्यावर 1440 मध्ये वारलेल्या जेफ्री बोलिनचं नाव आहे. राणी अ‍ॅन बोलिनचा हा खापरपणजोबा.

याच अ‍ॅनचा नवरा राजा हेन्री आठवा याने पोपशी फारकत घेतली आणि मठ बंद पाडले. 1547 मध्ये त्याचा मुलगा एडवर्ड गादीवर आल्यावर शुद्धिस्थानाची शिकवणच रद्द ठरली, आणि देणग्यांचा झरा आटला. विंडममध्ये मठवासी आणि गावकरी यांच्यात एकाच इमारतीवरून शतकानुशतकं भांडण होतं. मठवाल्यांनी मध्ये भिंत घालून आपला मनोरा चढवला, तर गावकऱ्यांनी 1448 पासून पश्चिमेला दुसरा बांधायला घेतला. मठ गेला तरी इमारत वाचावी म्हणून तिथल्या केट कुटुंबाने खटपट केली. पुढे 1549 मध्ये गायरानं बळकावणाऱ्या जमीनदारांविरुद्ध रॉबर्ट केटने हजारोंचं बंड उभारलं. ते चिरडल्यावर त्याचा भाऊ विल्यम याला विंडमच्या पश्चिम मनोऱ्यावरच फाशी दिलं.

हा सगळा उलथापालथीचा काळ एका फळीवर बघायचा असेल तर बिनमला जावं. वेदीपुढच्या लाकडी पडद्यावर इथे संतांची रंगीत चित्रं होती. प्रोटेस्टंट सुधारकांनी त्यांवर पांढरा रंग फासला आणि वर काळ्या अक्षरांत इंग्रजी बायबलमधली वचनं लिहिली. आता तो पांढरा थर पोपडे धरून सुटतोय आणि अक्षरांच्या आडून संतांचे चेहरे दिसू लागले आहेत. कोणत्याही ग्रंथापेक्षा ही फळी मला जास्त सांगते.

पुढे कापडधंदा यॉर्कशायरकडे गेला. नॉरफोकमध्ये ना कोळसा होता, ना जोराचं वाहतं पाणी. जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसाच आला नाही, आणि माझ्या मते ही चर्च टिकली ती मुख्यतः त्यामुळे. विसाव्या शतकात ती जपायला माणसं पुढे आली. त्यांत पंजाबचे पदच्युत महाराजा दलीपसिंग यांचे चिरंजीव फ्रेडरिक हेही होते. नॉरफोकमध्येच स्थायिक झालेल्या या राजपुत्राने स्थानिक इतिहासाला वाहून घेतलं आणि थेटफर्ड गावाला संग्रहालयासाठी एक जुनी वास्तू दिली.

हॉटन-ऑन-द-हिलचं चर्च 1992 मध्ये आयव्हीच्या वेलींत बुडालेलं ग्लोरिया डेव्ही यांना आढळलं. त्यांचे पती बॉब यांनी स्वतःच्या हातांनी साफसफाई सुरू केली. पुढे गिलाव्याखाली अकराव्या शतकाच्या अखेरची भित्तिचित्रं सापडली, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी. वापरात असलेल्या चर्चच्या डागडुजीचा भार आजही मुख्यतः गावावरच पडतो. कित्येक धर्मग्रामांत मोजकीच माणसं उरली आहेत, आणि गळकं छत, निखळणाऱ्या गारगोट्या, चोरीला जाणारे शिशाचे पत्रे यांचा खर्च त्यांनाच उभा करावा लागतो.